फोनवरच्या बाई म्हणतात शुक्रवारपर्यंत साइन करा

प्रश्न: ताई, मी मूळची इचलकरंजीची, बी.कॉम. फर्स्ट क्लास. लग्न होऊन न्यू जर्सीत एडिसनला आले त्याला ९ वर्षं झाली, आधी व्हिसामुळे नोकरी करता येईना, मग मुलगी झाली, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं तेव्हा ठरवलं की आता अकाउंटिंगमध्ये काहीतरी करायचंच. एका ऑनलाइन युनिव्हर्सिटीच्या साइटवर नुसतं नाव-नंबर टाकलं तर त्यांच्या ॲडव्हायझर बाईंचे दिवसाला तीन-तीन फोन. बोलायला खूप गोड आहेत. म्हणतात तुमची बी.कॉम. इथे धरत नाहीत, पहिल्यापासून बॅचलर्स करा, पेल ग्रँट (सरकारची परत न करायची मदत) मिळेल, उरलेल्याचं लोन, शुक्रवारपर्यंत साइन करा. परवा म्हणाल्या, उद्या मुलीने विचारलं आई तू काय करतेस तर काय सांगाल? फोन ठेवला आणि रडले. मिस्टर म्हणतात फॉर-प्रॉफिट आहे, म्हणजे नफ्यासाठी चालवलेली, नको. पण सरकारी लोन मिळतंय म्हणजे चांगलीच असणार ना?

उत्तर: अगं, आधी त्या मुलीच्या प्रश्नाचं बोलू, कारण तो तुला लागलाय आणि तो लागावा म्हणूनच विचारलेला असू शकतो. सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीने २०१२ मध्ये नफ्यासाठी कॉलेजं चालवणाऱ्या ३० कंपन्यांवर मोठा रिपोर्ट काढला, त्यात आयटीटी नावाच्या संस्थेचे ट्रेनिंगचे कागद सापडले, त्यात समोरच्याच्या दुखऱ्या जागेपर्यंत एकेक प्रश्न विचारत कसं जायचं ते लिहिलेलं होतं आणि त्याला नावच ‘पेन फनेल’ होतं. म्हणजे वेदनेचं नरसाळं. त्याच रिपोर्टात आहे की या ३० कंपन्यांकडे २०१० साली ॲडमिशन आणणारे ३५,२०२ लोक होते आणि नोकरी शोधायला मदत करणारे ३,५१२. तुझ्या बाई मनाने चांगल्या असतीलही, पण त्यांचं काम ॲडमिशन करणं आहे, तुझ्या करिअरचा सल्ला देणं नाही, हे पक्कं लक्षात ठेव.

सरकारी लोन मिळतं म्हणजे संस्था चांगली, असं आपल्याला वाटतं कारण आपण भारतात वाढलो, तिथे खाजगी युनिव्हर्सिटीसुद्धा कागदावर तरी ना-नफाच असते, उघडपणे नफ्यासाठी चालवता येत नाही. अमेरिकेत चालवता येते, शेअर बाजारातसुद्धा आणता येते. आणि नियम असा आहे की अशा संस्थेला उत्पन्नाचा ९० टक्क्यांपर्यंत भाग सरकारी मदतीतून घेता येतो. म्हणजे लोन तुझ्या नावावर, पैसा त्यांच्या खात्यात. आयटीटी सप्टेंबर २०१६ मध्ये बंदच पडली, त्याआधी एप्रिल २०१५ मध्ये कोरिंथियन ही तशीच दुसरी कंपनी. कॉलेज असं बंद पडलं तर सरकारी लोन माफ होऊ शकतं, पण रात्री मुलीला झोपवून केलेला अभ्यास कोण परत देणार?

सगळ्या अशाच असतात असं मी म्हणणार नाही. युनिव्हर्सिटी ऑफ फीनिक्स १९७६ मध्ये जॉन स्पर्लिंग यांनी काढली ती नोकरी करून शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी, ज्यांच्याकडे बाकीच्या कॉलेजांचं लक्षच नव्हतं, आणि ती गरज अगदी खरी होती, आजही आहे, तुझीच बघ ना. पण २०१९ मध्ये त्याच युनिव्हर्सिटीने मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांशी आपले नोकरीचे संबंध आहेत असं भासवणाऱ्या जाहिरातींवरून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेशी १९.१ कोटी डॉलर्सची तडजोड केली. म्हणून जाहिरातीवर जाऊ नकोस. शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्ड साइटवर नाव टाक, किती जण कोर्स पूर्ण करतात, नंतर काय कमावतात, कर्ज किती, सगळं दिसतं.

आता पेल ग्रँट. हे नीट वाच. ज्याच्याकडे आधीच बॅचलर्स डिग्री आहे त्याला पेल मिळत नाही, आणि परदेशातली डिग्रीही बहुतेक वेळा त्यात धरतात; ती इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची नाही असे कागद असतील तरच कॉलेज वेगळं ठरवू शकतं. फॉर्मवर ‘बॅचलर्स नाही’ अशी टिक केली आणि उद्या ते निघालं तर खाली सही तुझी आहे, त्या बाईंची नाही. आणि बी.कॉम. धरत नाहीत हे त्यांनी तुझी मार्कशीट न बघता कसं ठरवलं? आधी डब्ल्यूईएससारख्या, परदेशी डिग्री इथल्या कशाच्या बरोबरीची ते तपासणाऱ्या संस्थेकडून इव्हॅल्युएशन करून घे, तुझे क्रेडिट, म्हणजे आधी शिकलेल्या विषयांचे इथल्या हिशोबातले गुण, किती धरतात ते कागदावर येऊ दे. पुन्हा चार वर्षं करायची गरज नसेलही, चार-सहा अकाउंटिंगचे कोर्स पुरतील कदाचित, सीपीएचा, म्हणजे आपल्या सीएसारख्या इथल्या परवान्याचा, विचार असेल तर कोणते विषय कमी पडतात तेही त्यावरून तपासता येईल.

आणि तुझ्या एडिसनमध्येच मिडलसेक्स कॉलेज आहे की! काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं कॉलेज, काउंटीत राहणाऱ्यांना फी कमी, अकाउंटिंग आहे. तिथली असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची डिग्री घेऊन न्यू जर्सीच्या सरकारी युनिव्हर्सिटीत गेलीस तर क्रेडिट धरायची राज्याची व्यवस्थाच आहे. याउलट त्या ऑनलाइन युनिव्हर्सिटीचे क्रेडिट रटगर्ससारखी न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी घेईल का, हे त्या बाईंना नको, रटगर्सच्याच ऑफिसला ईमेल करून विचार आणि उत्तर लेखी घे.

मिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे पण त्यांना एक माझ्याकडून सांग, ‘नको’ म्हणून विषय संपत नाही, शनिवारी तुझ्याबरोबर मिडलसेक्सच्या साइटवर बसून कोर्स शोधायचे आणि क्लासच्या संध्याकाळी मुलीला सांभाळायचं.

शुक्रवारी फोन आला तर एवढंच म्हण, कॅटलॉग आणि एनरोलमेंट ॲग्रीमेंट (ॲडमिशनचा करार) ईमेल करा, वाचून मी कळवते. तरी ऐकत नसतील तर नंबर ब्लॉक कर. इव्हॅल्युएशनचा कागद आला की मला पाठव, कुठले विषय घ्यायचे ते आपण मिळून बघू.