पालक पेरावा की मेथी? पोषणाचा हिशोब

या आठवड्यात दोन प्रश्न एकाच विषयावर आले. नागपूरकडच्या कळमेश्वर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताई विचारतात, अंगणवाडीच्या परसबागेत जागा थोडी आहे, तर पालक लावावा की मेथी? लोह कशात जास्त? हिंगण्याच्या एका भाऊंना मोबाईलवर तक्ता आला आहे. त्यात १०० ग्रॅम पालकात १०.९ मिलीग्रॅम लोह लिहिलंय. दुकानावर तशी पाटी लावू का, असं ते विचारतात.

भाऊ, ती पाटी लावू नका. तो आकडा फार जुन्या तक्त्यांतला आहे, आजही फिरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या पालकात लोह सुमारे ३ मिलीग्रॅम आहे आणि मेथीच्या पानात सुमारे ५.७. कॅल्शियम पालकात ८२ च्या आसपास, मेथीत २७४. प्रथिनेही मेथीतच जास्त, क जीवनसत्त्व तर जवळपास दुप्पट. पालक पुढे आहे तो फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वात, आणि गरोदर बाईसाठी ती गोष्ट लहान नाही.

पण पानात आहे तेवढं सगळं अंगी लागत नाही. पालकात ऑक्सॅलेट भरपूर असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून पालकाचं कॅल्शियम बरंचसं कागदावरच राहतं. मेथीत ऑक्सॅलेट पुष्कळ कमी. या ऑक्सॅलेटमुळेच मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. लोहाचं म्हणाल तर कोणत्याही पालेभाजीतलं लोह शरीर थोडंच घेतं. प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलीग्रॅम धरली आहे, म्हणजे मेथीची जुडीही ती भागवणार नाही. ताई, गरोदर बायांच्या लोहाच्या गोळ्या भाजी आहे म्हणून बंद होऊ देऊ नका.

आपल्या हातात आहे ते इतकंच की जे आहे ते वाया जाऊ नये. डाळभाजी ताटात आली की वर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. थंडीत जेवणासोबत संत्र्याच्या चार फोडी खाल्ल्या तरी तेच काम होतं. संत्री तर आपल्या घरचीच. जेवणावर लगेच चहा मात्र नको. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात भिजत ठेवली की क जीवनसत्त्व आणि फोलेट त्या पाण्यासोबत मोरीत जातं. मेथीचा घोळाणा कच्चाच खातात, त्यात नुकसान सगळ्यात कमी.

आता वाफ्याचं. मेथी साधारण महिन्याभरात मुळासकट उपटली की वाफा रिकामा. पालक पहिल्यांदा महिना-सव्वा महिन्यात कापायला येतो, मग दर पंधरा-वीस दिवसांनी तीन-चार कापण्या देतो. परसबागेत रोज ताटात हिरवं हवं असेल तर ही सोय मोठी. एकरी बियाणं दोन्हींचं १० ते १२ किलो. पालकात ऑल ग्रीन, मेथीत पुसा अर्ली बंचिंग चालते. मेथी शेंगवर्गीय असल्याने तिला नत्र कमी लागतं. पालकाला कापणीनंतर थोडा युरिया द्या, पण भरमसाट नाही, नाही तर पानात नायट्रेट साठतं. आणि गटाराच्या, नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी कृपा करून घेऊ नका. पालक जड धातू सहज ओढून घेतो.

ताई, माझं मत विचाराल तर ऑक्टोबर ते जानेवारी निम्म्या जागेत पालक ठेवा. उरलेल्या निम्म्यात मेथी एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी एकेक पट्टा पेरा. मार्चनंतर नागपूरच्या उन्हात मेथीची वाढ खुंटते, पालक फुलावर येतो. तेव्हा त्या जागेत चवळाई टाका. तीही लोह-कॅल्शियमला कमी नाही आणि उन्हाला दाद देत नाही. हिंगण्याच्या भाऊंना पाटी लावायचीच असेल, तर ‘आज सकाळी कापलेला पालक’ एवढंच लिहा.