नियम दोन्ही बाजूंना सारखे, मग निसर्ग एकच बाजू का निवडतो?

नियम सगळ्या बाजूंना सारखे असूनही प्रत्यक्षात एकच बाजू निवडली जाते, याला सममितीभंग म्हणतात. त्याचं रोजच्या वापरातलं उदाहरण कोणतं, असा प्रश्न आहे. माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण प्लास्टिकच्या फूटपट्टीचं.

पट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून तळहाताने सरळ खाली दाबा. सुरुवातीला काहीच होत नाही. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की पट्टी झटकन डावीकडे किंवा उजवीकडे वाकते. तुमचा दाब तर बरोबर मधोमध होता! सरळ उभं राहणं गणिताने अजूनही शक्य असतं, पण ते अस्थिर झालेलं असतं. हाताचा बारीकसा कंपही बाजू ठरवायला पुरतो. म्हणजे सममिती नियमातून गेलेली नाही, फक्त पट्टीच्या अवस्थेत ती दिसत नाही. नेमकी हीच गोष्ट बरेचदा निसटते.

आता पट्टीऐवजी गोल, बारीक तार घ्या. ती कुठल्याही दिशेला वाकू शकते, आणि वाकल्यावर तो बाक गोल फिरवायला जवळजवळ जोर लागत नाही. भौतिकशास्त्रात अशा फुकटच्या हालचालीला गोल्डस्टोन मोड म्हणतात.

लोखंडातही असाच सममितीभंग घडतो. सुमारे 770 अंश सेल्सिअसच्या वर त्यातल्या अणूंची चुंबकत्वं अस्ताव्यस्त असतात. त्याखाली थंड झालं की एकेका भागातली चुंबकत्वं एकच दिशा धरतात. कोणती, ते नियम सांगत नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ योइचिरो नाम्बू यांनी सममितीभंगाची ही कल्पना मूलकणांच्या अभ्यासात आणली, त्यासाठी त्यांना 2008 चं नोबेल मिळालं.