टोपणनाव, छद्मनाम की खोटं नाव?

नागपूरच्या एका ताईंनी विचारलंय: वस्तीतल्या पाणीपुरवठ्यावरून ऑनलाइन वाद झाला, एक जण घरचा पत्ता शोधत मागे लागला, म्हणून त्या दुसऱ्या नावाने लिहू लागल्या. आता त्यांच्या गटाच्या नियमांत 'छद्मनाम चालणार नाही' असं आलंय. हाच शब्द बरोबर का?

ताई, तुमच्यासाठी शब्द 'टोपणनाव'. टोपण म्हणजे झाकण. 'छद्म'चाही मूळ अर्थ झाकणंच, पण मराठीत तो कपटाकडे कलला. छद्मी हसणं आठवा. हिंदीत 'छद्मनाम' निर्मळ आहे, आणि आपल्या नागपुरात हिंदी शब्द दार न वाजवता आत येतात, तसा हा आला असावा. नियम लिहिणाऱ्याला मात्र लबाडीच रोखायची असेल, तर 'तोतयेगिरी' लिहावं. तोतया दुसऱ्या खऱ्या माणसाच्या जागी उभा राहतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा राहिला होता तसा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६डी शिक्षा सांगतं तीही संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवण्याला. नुसतं वेगळं नाव घेणं त्यात बसत नाही.

'निनावी'ही नको. निनावी पत्राला मालक नसतो. टोपणनावाने तुम्ही कालचं बोलणं आज नाकारू शकत नाही.

ग्रेस हे कवी माणिक गोडघाट्यांचं नाव नागपुरात सगळ्यांना ठाऊक होतं, तिथे लपवायचं काही नव्हतं. तुमची गोष्ट विभावरी शिरूरकरांच्या जवळची. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आलं, केवढा गदारोळ झाला, तेव्हा लेखिका बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, 'विभावरी शिरूरकर' या नावाच्या आड होत्या. त्याला 'खोटं नाव' म्हणायला कोणाची जीभ धजेल?

एक अडचण मात्र आहे. टोपणनाव म्हणजे घरचं लाडाचं नावसुद्धा. आपल्या महाल भागातल्या एखाद्या गल्लीत 'पिंकी' म्हटलं की कोणती पिंकी, कोणाची, कितव्या माळ्यावरची, हे शेंबडं पोरगंही सांगतं. तसलं नाव घेऊन काय झाकलं जाणार? म्हणून नियमात 'ओळख न उघडणारे टोपणनाव चालेल. तोतयेगिरी चालणार नाही' असं सुचवा. आणि नावापुढे 'धंतोलीकर' वगैरे लावू नका बाप्पा, तो तर अर्धा पत्ताच झाला.