सासूबाई म्हणतात माफ करा, पण आमचा लेक आता आठ वर्षांचा झालाय

पत्र लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. लिहिणारी मूळची साताऱ्याची, आता अमेरिकेत युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळ लीहायला राहते, आयटीत आहे. नवरा तिथलाच, मॉर्मन, म्हणजे तिथल्या एका ख्रिस्ती पंथाच्या घरात वाढलेला. मुलगा आठ वर्षांचा झाला आणि सासरी बाप्तिस्म्याची तयारी सुरू झाली, त्याआधी बिशप, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळीचा प्रमुख, मुलाची मुलाखत घेतो. हे ऐकलं त्या रात्री नवरा भांडी घासता घासता, नळ तसाच चालू ठेवून बोलायला लागला. 1996 साली तो बारा वर्षांचा असताना त्यांच्या वॉर्डातल्या (चर्चच्या स्थानिक मंडळीतल्या) स्काउट लीडरने त्याच्यावर अत्याचार केले, पुढे दोन उन्हाळे. चौदाव्या वर्षी त्याने बिशपला सांगितलं, तर बिशपने त्यालाच विचारलं की तुझ्याकडून काही पाप झालं का. पोलिसांना कुणीच कळवलं नाही. तो माणूस आता सत्तरीत आहे, दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना शिकवतो. सासूबाईंना सगळं तेव्हापासून माहीत. त्या म्हणतात, त्याने पश्चात्ताप केलाय, माफ करा, घराची शोभा करू नका. ही विचारते, गप्प बसू का? आणि माझ्या आईला सांगू का?

अगं पोरी,

नळाच्या आवाजाआड का होईना, पण तो बोलला आणि तुझ्याशी बोलला. त्याला "इतकी वर्षं का नाही सांगितलंस" हे चुकूनही विचारू नकोस. त्याने सांगितलं होतं. चौदा वर्षांच्या पोराने जिथे सांगायला पाहिजे असं त्याला शिकवलं होतं तिथेच जाऊन सांगितलं, आणि तिथून तो स्वतःच आरोपी होऊन बाहेर आला.

सासूबाईंचं सांगते. त्यांच्या धर्मग्रंथात असं आहे की जो माफ करत नाही त्याच्याच माथी जास्त मोठं पाप, आणि हे वचन बहुतेक वेळा ज्याने सोसलं त्याच्याच डोक्यात हाणलं जातं. शिवाय टेंपलमध्ये, म्हणजे त्यांच्या मोठ्या मंदिरात, कुटुंबाला विधी करून बांधून घेतात, मेल्यावरही सगळे एकत्र राहणार म्हणून, त्यामुळे चर्चशी वाकडं घेतलं तर पोरगा या जन्मीही गेला आणि पुढेही गेला असं त्या बाईला खरंच वाटत असेल. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तिकडे ती मूठ परलोकापर्यंत झाकायची. तिची भीती खोटी नाहीये, पण ती किती वर्षं तुझ्या नवऱ्याने सांभाळायची? आणि माफ करायचं का नाही ते त्याचं तो बघेल, माफ करूनही पोलिसात जाता येतं की.

आता बिशपकडे परत जाऊ नका, हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतेय. अगं तो काही शिकलेला समुपदेशक नसतो, बिनपगारी माणूस, आठवडाभर दातांचा दवाखाना नाहीतर इन्शुरन्सचं ऑफिस आणि रविवारी बिशप. असं काही कानावर आलं की तो चर्चच्या हेल्पलाइनला फोन करतो, ती 1995 पासून आहे, आणि त्या फोनच्या शेवटी चर्चचे वकील असतात. ॲरिझोनातल्या बिस्बीची केस वाच, पण रात्री वाचू नकोस. बापाने स्वतः बिशपपाशी कबूल केलं की मी माझ्या मुलीवर अत्याचार करतो, बिशपने हेल्पलाइनला विचारलं, पोलिसांना कळवलं गेलं नाही, आणि पुढे सात वर्षं ते चालूच राहिलं, तान्ह्या धाकटीपर्यंत पोचलं. 2022 मध्ये एपी वृत्तसंस्थेने ते बाहेर काढलं. चर्च म्हणालं आमची हेल्पलाइन चुकीची रंगवलीय. मुलांनी केलेला दावा 2023 मध्ये कोर्टाने फेटाळला, का तर तिथल्या कायद्यात कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूला सूट आहे. मुलांची बाजू खोटी होती म्हणून नाही फेटाळला, हे लक्षात घे.

तुमच्या केसमध्ये कायदा काय म्हणतो ते मला कळतं तेवढं सांगते, पण चर्चशी काही संबंध नसलेला वकील गाठाच. पैशाच्या भरपाईचं दार बहुतेक बंद झालंय. युटाने 2016 मध्ये जुन्या केसेसना परत संधी देणारा कायदा केला होता, तो 2020 मध्ये तिथल्याच सुप्रीम कोर्टाने रद्द केला. बॉय स्काउट्स या स्काउटांच्या संस्थेच्या दिवाळखोरीत असं सोसलेल्या 82,000 च्या वर लोकांनी दावे लावले, त्याची मुदत नोव्हेंबर 2020 लाच संपली. तू लिहिलंयस की तेव्हा टीव्हीवर त्याच्या जाहिराती लागल्या की तो चॅनेल बदलायचा आणि तुला वाटायचं ह्याला जाहिराती आवडत नाहीत. त्याबद्दल स्वतःला खात बसू नकोस, तुला कसं कळणार होतं! (चर्चने त्या प्रकरणात 250 मिलियन डॉलर देऊ केले होते, पण बदल्यात दाव्यांपासून जी मोकळीक हवी होती ती जजला फार रुंद वाटली, ते बारगळलं.) पण फौजदारी केस वेगळी. लहान मुलांवरच्या गंभीर लैंगिक गुन्ह्यांना युटात आता मुदत नाही, 1996 च्या गोष्टीला ते लागू पडतं का एवढंच वकिलाला विचारायचं. पडेलही.

तक्रार करायची का हे मात्र त्याने ठरवायचं, तू नाही. तू चिडलीयस, बरोबरच आहे, पण एकदा त्याच्या हातातून सगळं काढून घेतलं गेलंय, आता मदतीच्या नावाखाली परत तेच नको. आधी त्याला बोलायला कुणीतरी असू दे. रेन (RAINN) या लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना मदत करणाऱ्या संस्थेची फोनलाइन चोवीस तास असते, 800-656-4673, ती पुरुषांसाठीही आहे आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीसाठीही आहे.

एक गोष्ट मात्र त्याच्यासाठी थांबणार नाही. तो म्हातारा आजही लहान मुलांच्या वर्गात बसतोय. चर्चचाच नियम आहे की अशा माणसाच्या रेकॉर्डवर खूण करायची आणि मुलांचं काम द्यायचं नाही, म्हणजे त्या बिशपने कागदावर काहीच आणलं नसणार. वर्गात दोन मोठी माणसं हवीत असं 2018 पासून आहे, पण तेवढ्यावर मी तरी झोपू शकले नसते. युटात मूल धोक्यात आहे असं वाटलं तर सरकारला कळवणं प्रत्येकाचं काम आहे, नुसतं डॉक्टर-शिक्षकांचं नाही. हे नवऱ्याला आधी सांग, त्याच्या नकळत करू नकोस, आणि मग डीसीएफएसला, म्हणजे युटाच्या बालसंरक्षण खात्याला, फोन कर. तो तुझ्या शेजारी बसला तर उत्तमच.

आणि ती मुलाखत. 2018 मध्ये सॅम यंग नावाचा ह्यूस्टनचा माजी बिशप बंद दाराआडच्या या मुलाखतींविरुद्ध 23 दिवस उपाशी बसला होता, चर्चने त्याला बाहेर काढलं, पण त्याच वर्षी मुलाची इच्छा असेल तर आईबापांपैकी एकाला आत बसू द्यायचं हे त्यांनी मान्य केलं. लेकाला आजच विचारून ठेव, आई आत आलेली चालेल ना, आठ वर्षांचं पोर हो म्हणतं. किंवा तारीखच पुढे ढकला. सासूबाई बटाट्यांचा ट्रे घेऊन येतील समजवायला, ट्रे ठेवून घ्या, तारीख देऊ नका. नवव्या-दहाव्या वर्षीही बाप्तिस्मा होतो.

राहिली तुझी आई. तुला साताऱ्याला फोन लावून रडावंसं वाटतंय ते कळतं गं, पण आईला कळलं की मामीला कळणार आणि मामीला कळलं की झालंच. आधी त्याला विचार. नको म्हणाला तर मला लिही, मी आहे.

— तुझी मावशी