काजूचं बोंड चाखलंय ना? मग कॅबर्नेही कळेल

(खाण्यापिण्याविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणार बोटीवरून निवृत्त झालेले, आता गुहागरला स्थायिक असलेले आमचे स्टुअर्डकाका.)

प्रश्न : काका, दिवाळीत ह्यांचा भाचा पुण्याहून लाल वाइनची बाटली घेऊन आला. किंमत आठशेच्या आत, लेबलवर ‘कॅबर्ने शिराज’. आम्ही चौघांनी मिळून घेतली. ह्यांना ती कडू लागली, जाऊबाई म्हणाल्या यापेक्षा खोकल्याचं औषध बरं. मला मात्र त्यात काहीतरी आवडलं, पण काय ते सांगता येईना. दोन जातींची द्राक्षं मिसळलेली म्हणजे दुय्यम माल असतो का? आणि फार पैसे न घालवता हे शिकायचं कसं? – एक शिक्षिका, दापोली

उत्तर : ताई, मिसळण्याचं आधी निकालात काढू. फ्रान्समधल्या बोर्दोची लाल वाइन, जिचं नाव ऐकून लोक सावरून बसतात, ती बहुतेक मिसळलेलीच असते. मेर्लो जातीचं द्राक्ष लवकर पिकतं, कॅबर्ने सोव्हिन्यों (लेबलवरची ‘कॅबर्ने’ ती हीच) उशिरा. ऐन काढणीत पाऊस आला तर एक तरी पीक हाती लागावं म्हणून तिथला बागायतदार दोन्ही लावतो. हापूसची कलमं असलेल्या माणसाला ही भीती समजावून सांगायला नको. कॅबर्ने आणि शिराज ही जोडी जास्त रुळवली ऑस्ट्रेलियाने. पण एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारीही पातळ निघालेल्या वाइनमध्ये ऱ्होन खोऱ्यातल्या हर्मिटाजची सिराह, म्हणजे तुमची शिराजच, ओतून ती दाट करत. चोरून नव्हे, उघड.

वाइन स्वस्त पडते त्याला मिश्रणापेक्षा पिंप जास्त जबाबदार. ओकच्या नव्या पिंपात 225 लिटर मावते, म्हणजे त्या महागड्या पिंपाचा बोजा जेमतेम 300 बाटल्यांवर पडतो. म्हणून बेताच्या किमतीची वाइन सहसा स्टीलच्या टाकीत मुरते. फार तर टाकीत ओकच्या ढलप्या सोडतात. शिकणाऱ्याला हे सोयीचंच. लाकडाचा वास मध्ये न येता फळ समोर येतं.

आता शिकण्याकडे वळू. बोटीवर आम्हाला वाइनची जी पुस्तकं देत त्यांत पानोपानी ब्लॅककरंट, सीडर, व्हायोलेट. गुहागरच्या पोराने ब्लॅककरंट कुठे बघितलेलं असणार? तुम्ही त्या भानगडीत पडू नका. परसात आणि फडताळात आहे तेवढं पुरतं.

चार मिरी कुटा, हुंगा, मग पेला नाकाशी न्या. शिराजला जो मिऱ्याचा वास येतो तो भास नव्हे. त्याचं द्रव्य रोटुंडोन, आणि सुपारीवर चढवलेल्या तुमच्या मिरवेलीतही तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये ते दाखवून दिलं. गंमत अशी की पाचातल्या साधारण एका माणसाला हा वास येतच नाही. तेव्हा ‘कसली मिरी आणि कसलं काय’ म्हणणारा प्रत्येक वेळी अडाणी असतो असं नाही, त्याचं नाक तसं घडलेलं असू शकतं. शिवाय उष्ण हवेतल्या द्राक्षात रोटुंडोन कमी उतरतं. आपली द्राक्षं नाशिक-अकलूजकडची. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि फळ जानेवारी ते मार्चमध्ये उतरवायचं, उन्हाळ्याच्या तोंडावर. साखर भरपूर भरते, मिरी मागे राहते, जांभूळ-करवंद पुढे येतं. तुम्हाला जे आवडलं ते बहुधा हेच असावं.

कॅबर्नेत कधीकधी चिरलेल्या ढोबळ्या मिरचीचा वास येतो. तोही खराच, दोन्हींत एकाच जातीची द्रव्यं असतात. आंबटपणासाठी चिंचेचं बुटुक चोखा: चिंचेतलं मुख्य आम्ल टार्टारिक, द्राक्षातलंही तेच. आमसुलाचं आम्ल वेगळं, त्याच्याशी ताडून बघू नका.

राहिला कडवटपणा. तुमच्या ह्यांना कडू लागलं ते बरंचसं तुरट असणार. मार्च-एप्रिलात काजूचं बोंड खा आणि जिभेचं काय होतं ते बघा. कोवळी सुपारी किंवा बिनदुधाचा कडक चहाही चालेल. या सगळ्यांतलं तुरट द्रव्य म्हणजे टॅनिन. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंडातलं वंगण जातं. म्हणून तुरटपणा हिरड्यांना, गालांना आतून जाणवतो, कडूपणा जिभेवरच राहतो. लाल वाइन सालींसकट आंबवतात, रंग आणि टॅनिन दोन्ही सालीतून येतं. कॅबर्नेचे मणी बारीक आणि साल जाड, त्यामुळे तुरटपणा तिच्याकडून जास्त आणि तोंडात भरीवपणा येतो तो शिराजमुळे.

खोकल्याच्या औषधाचं उत्तर मात्र द्राक्षात नाही, तुमच्या माजघरात आहे. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे युरोपातल्या गारठलेल्या घरांचं शास्त्र. तिला 16 ते 18 अंश हवेत, दापोलीत दिवाळीतसुद्धा दुपारी तीस असतात. गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढतं, बाकी सगळं मागे पडतं. बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि जाऊबाईंना पुन्हा बोलवा.

आणि एकच बाटली घेऊन शिकू नका. चौघांत वर्गणी काढा, एक मिश्रण आणि त्याच कंपनीची नुसती शिराज अशा दोन आणा. सुलासारख्या कंपन्यांच्या दोन्ही मिळतात. प्रत्येकीचे दोन-दोन घोट शेजारी-शेजारी ठेवा, पेला तोंडाशी निमुळता असावा आणि एक तृतीयांशच भरावा. मिश्रणात जे जास्तीचं लागेल ते कॅबर्नेचं समजा. तुम्ही शिक्षिका आहात तेव्हा नियम कडक ठेवा: आधी वहीत लिहायचं, मग बोलायचं. नाहीतर जाऊबाई पहिल्या बोलल्या की सगळ्यांनाच खोकल्याचं औषध लागतं.

विकत घेताना लेबलवरचं साल बघा. या किमतीची वाइन दोन-तीन वर्षांत संपवायची असते, मुरवत ठेवायची नसते. दुकानदाराने बाटली उन्हाच्या काचेत मांडली असेल तर ती नको. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका. बूच खराब निघण्याची कटकट त्यात नाही.

प्रश्न : बांगड्याच्या तिखल्याबरोबर लाल वाइन घेतली तर तोंडाला लोखंडासारखी चव आली. बाटली खराब होती का? – एक वाचक, मालवण

उत्तर : बाटलीत दोष नसावा. लाल वाइनमध्ये थोडं लोह असतं. माशाच्या चरबीशी त्याची गाठ पडली की हिवसपणा वर येतो. जपानी संशोधकांनी 2009 मध्ये हे तपासून मांडलं. बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट मासे, तिथे तर नकोच. त्यात तिखल्याचं तिखट. अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं.

लाल वाइन काढायची तर सुक्या मटणाबरोबर काढा. मांसातली प्रथिनं टॅनिनला गुंतवून ठेवतात, तुरटपणा उतरतो. कोंबडी-वडेही चालतील, मसाल्याचा हात थोडा आखडता घ्या. श्रावण पाळणाऱ्यांनी (श्रावणात वाइन चालत असेल तर, तो ज्याचा त्याचा प्रश्न) काळ्या वाटाण्याचं सांबारं करून बघावं. भाजलेल्या खोबऱ्यापुढे शिराज मला तरी मटणाइतकीच आवडते.

प्रश्न : गोव्याची पोर्ट वाइन गोड आणि स्वस्त असते. तिच्यापासून सुरुवात केली तर? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आवडत असेल तर खुशाल प्या, पण तिने लाल वाइन कळणार नाही. अस्सल पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षाची स्पिरिट ओततात, आंबणं थांबतं, साखर उरते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातं. गोव्यात त्या नावाने मिळते ती बहुतेक साधी गोड वाइन. गोडीखाली तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही झाकले जातात, आणि शिकायचं तर तेच दोन ओळखायचे असतात. तरीही आणणार असाल तर रीतसर परवाना काढून आणा. गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या नाक्यावर ‘गोवा बनावटीची दारू’ या सदरात गोड वाइनही मोडते.