पाय बरा झाला, पण धीर होत नाही

मोठ्या अंतराच्या ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीची, तयारी करणारे खेळाडू दुखापतीनंतर समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : डॉक्टरांनी धावायला परवानगी दिली आहे, पण पुन्हा तेच झाले तर? यांपैकी एका बाईंची हकिगत, ओळख पटू नये इतपत बदल करून, येथे मांडतो.

अर्ध्या अंतराच्या स्पर्धा त्यांनी पूर्ण केलेल्या होत्या. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशा पूर्ण अंतराच्या पहिल्या हंगामाची तयारी सुरू असतानाच नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने पडणारी बारीक चीर, झाले. यथावकाश हाड भरून आले. हंगामाची आखणी मात्र पुढे सरकेना.

बोलताना त्यांचा अंगठा नडगीच्या आतल्या बाजूवरून सतत फिरत असे. एकदा मी त्याविषयीच विचारले.

"सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवण्याआधी दाबून बघतेच," त्या म्हणाल्या. "मग दिवसभर अधूनमधून."

"आणि दुखलं नाही तर?"

"तर जरा जोरात दाबते."

"तरीही दुखलं नाही तर?"

त्या थांबल्या. "तर नेमकी जागा सापडली नाही, असं वाटतं." आणि स्वतःचेच वाक्य ऐकून त्यांना हसू फुटले.

ज्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याची सोयच नाही, ती त्या रोज देत होत्या. शिवाय इतके दाबल्यावर कोणतीही जागा दुखरी होणारच. हे मी आधीच सांगू शकलो असतो, पण ते त्यांच्याच तोंडून यावे म्हणून बऱ्याच बैठका थांबलो, आणि असे थांबता येणे हे या कामातले महत्त्वाचे कौशल्य आहे, असे मी मानतो. माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली. भीती वाटण्याला माझी हरकत नसते; आधी खात्री मिळाल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, या हट्टाला असते. अशी खात्री कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. आपल्या हाती असते ते एवढेच, की काय झाले तर काय करायचे, हे डोके शांत असताना लिहून ठेवणे.

म्हणून आम्ही आखणीची सुरुवात माघारीच्या अटींपासून केली. हाडावर एकाच ठिकाणी दुखू लागले, किंवा चालताना अथवा रात्री पडल्या पडल्या दुखले, तर धावणे त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांची भेट. त्यावर स्वतःशी वाद घालायचा नाही. अमुक तारखेपर्यंत ठरलेले धावणे विनातक्रार जमले नाही, तर यंदा अर्धेच अंतर. अंगठ्याने तपासणे मात्र बंद. सरावाचे वेळापत्रक प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांनी केले, कारण ते माझे काम नव्हे. त्यात दमसास पोहण्यावर आणि सायकलवर वाढवायचा होता, आणि धावणे चालण्याशी आलटूनपालटून हळूहळू. हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात, हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे तंतू) मागून येतात. या मधल्या काळात अंगात जोर वाटतो आणि तिथेच पुष्कळ जण फसतात. सरावाच्या मानाने आहार पुरेसा आहे का आणि पाळी नियमित आहे का, हेही डॉक्टरांना दाखवून घ्यायला मी आवर्जून सांगितले, कारण अशा फ्रॅक्चरमागे कमी खाणे असू शकते.

एक हिशेब त्यांना विशेष उपयोगी पडला. पूर्ण अंतराच्या अनेक स्पर्धांत एकूण १७ तासांची मुदत असते. पोहण्याला दीड तास, ताशी २४ किलोमीटरने सायकलला साडेसात तास, आणि शेवटचे अंतर ताशी ६ किलोमीटरने नुसते भरभर चालले तरी सुमारे सात तास. कपडे-बूट बदलण्याचा वेळ धरूनही हे मुदतीत बसते.

"म्हणजे सगळं धावायलाच हवं असं नाही?" त्यांनी विचारले. मी तो कागद त्यांच्याकडे सरकवला आणि बेरीज पुन्हा त्यांनाच करायला सांगितली.

हंगामाच्या मध्यावर त्यांनी, वेळेचे लक्ष्य न ठेवता, अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत नाव नोंदवले. पूर्ण अंतराच्या स्पर्धेचे शुल्क अजून भरलेले नाही. ते ठरलेल्या तारखेनंतरच भरायचे आहे.