बेहोशीची धास्ती आणि डबीतली अर्धी गोळी

"आईला भूल दिली तर ती पूर्वीसारखी उठेल ना?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येतो. तो विचारणारे बहुधा मुलगे किंवा सुना असतात, आणि जिच्याविषयी विचारतात ती शेजारी गप्प बसलेली असते. मागच्या थंडीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले एक गृहस्थ आपल्या ७१ वर्षांच्या आईला घेऊन आले, तेव्हाही तसेच झाले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) काकूंचा गुडघा बदलायचा होता आणि शस्त्रक्रिया आठवड्यावर आली होती. दोन रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता, हात थरथरत होते, आणि डिसेंबरातही कपाळावर घाम होता. त्यांचे थोरले दीर हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर तीन दिवस बरळत होते, आणि तेव्हापासून बेहोशीच्या इंजेक्शनाने डोके कामातून जाते, हे त्या घरात ठरूनच गेले होते.

मीही सुरुवातीला हे भीतीचेच प्रकरण धरले आणि भूल म्हणजे काय ते समजावायला घेतले. भुलीला आपण झोप म्हणतो, पण ती झोप नव्हे; झोपलेला माणूस चिमटा काढला की उठतो, भूल दिलेला उठत नाही, त्याची जीभ मागे पडू शकते, श्वास मंदावतो, आणि म्हणूनच भूलतज्ज्ञ सुरुवातीपासून शेवटपर्यंत उशाशी थांबतो. मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना जसे 'चल' म्हणतात तसे 'थांब'ही म्हणतात, आणि हे 'थांब' सांगणारे मुख्य रसायन म्हणजे गाबा. गाबा पेशीच्या भिंतीतले एक दार उघडते, त्यातून क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात, आणि पेशीला उत्तेजित होणे अवघड जाते. प्रोपोफोलसारखे भुलीचे औषध हे दार अधिक वेळ उघडे धरते आणि मात्रा वाढली तर ते स्वतःच ढकलून उघडते. ते थांबवले की रक्तातून आणि मेंदूतून झपाट्याने इतरत्र पसरते, म्हणून माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो. शिवाय गुडघ्यासाठी पुष्कळदा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देतात. त्याने पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या चेतांमधून जाणारे संदेश काही तासांपुरते अडतात आणि मेंदू जागाच राहतो.

काकूंनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले. मी त्यांना श्वासाचा एक व्यायाम शिकवला आणि निरोप देता देता, सवयीने म्हणा, विचारले, "एरवी रात्री झोप कशी लागते?"

"गोळी घेतली की मस्त लागते, ताई. पण परवापासून बंद केली. ऑपरेशनच्या आधी अंगात फालतू काही नको ना."

चिरंजीव चमकून आईकडे पाहू लागले. काकूंनी पिशवीतून सुपारीची पितळी डबी काढली. तिच्या एका खणात अल्प्राझोलामची, म्हणजे घबराट कमी करून झोप आणणाऱ्या औषधाची, अर्धा मिलिग्रॅमची पट्टी घडी करून ठेवलेली होती आणि शेजारी अडकित्त्याने कातरलेले काही अर्धे तुकडे होते. यजमान गेले तेव्हा पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी नऊ वर्षे चालली होती: रात्री एक, आणि जीव घाबरला तर दुपारी अर्धी. रुग्णालयात तपासणीच्या वेळी "कोई नशा तो नहीं करतीं?" असे विचारले होते आणि काकूंनी "नाही" म्हणून सांगितले होते. त्या खोटे बोलल्या नव्हत्या. नशा म्हणजे दारू, तंबाखू. औषधाच्या दुकानातून कागदात गुंडाळून येते ती गोळी त्यांच्या लेखी नशा कशी होईल? प्रश्न चुकीच्या शब्दात विचारला गेला होता, आणि मी तर तो उठता उठता विचारला, याची मला आजही चुटपुट आहे.

कारण दोन दिवसांची ती थरथर आणि तो घाम निव्वळ भीतीचा नसावा. अल्प्राझोलाम त्याच गाबाच्या दारावर काम करते, पण दार स्वतः उघडत नाही. बिजागरीला तेल घातल्यासारखे ते गाबाचा जोर वाढवते. वर्षानुवर्षे असे तेल मिळत राहिले की मेंदू आपली 'थांब' म्हणायची ताकद कमी करून बसतो आणि उत्तेजनाची बाजू चढती ठेवतो. म्हातारपणी या गोळीचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला साधारण १६ तास लागतात, म्हणजे दोन दिवसांत तेल जवळपास संपते आणि चढलेली बाजू मोकाट सुटते. निद्रानाश, कंप, घाम, धडधड ही त्याची लक्षणे. गोळी एकदम तोडल्यास भ्रम होऊ शकतो, फिटही येऊ शकते. ज्या औषधाची घरात दहशत होती ते तासा-दोन तासांचे आणि पहाऱ्यातले होते. ज्याने मेंदूचा तोल खरोखर बदलला होता ते सुपारीशेजारी पडून होते.

यात समुपदेशकाने करायचे ते एवढेच, की पुढचे काम ज्याचे आहे त्याच्याकडे त्याच दिवशी पाठवावे. मी चिठ्ठीत गोळीचे नाव, मात्रा, वर्षे आणि शेवटची गोळी कधी घेतली ते लिहिले. मनोविकारतज्ज्ञांनी पूर्वीचीच मात्रा पुन्हा चालू केली, भूलतज्ज्ञांशी बोलून शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे नेली, आणि वेदनाशामक अफूवर्गीय औषधे बेताने द्यावीत असे कागदावर आले, कारण ती आणि ही गोळी एकत्र आली की श्वास धोक्याइतका मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली याबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला आहे.

दिरांचे काय झाले असावे, हेही मी घरच्यांना सांगितले. वृद्धांमध्ये शस्त्रक्रियेनंतर असे बरळणे आढळते. त्यामागे भुलीखेरीज दुखणे, जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, अनोळखी खोली, मोडलेली झोप अशी अनेक कारणे एकत्र येतात. बहुतेकांचे ते काही दिवसांत ओसरते. सगळ्यांचे ओसरते असे मात्र मी म्हणाले नाही, कारण ज्यांचा विसरभोळेपणा आधीच वाढलेला असतो त्यांना ते जास्त काळ भोवू शकते.

मणक्यातल्या इंजेक्शनावर गुडघा बदलला गेला. दुसऱ्या रात्री काकू सुनेला, "ओसरीवरचा दिवा लावला का गं?" असे विचारत राहिल्या, ते घर विकून बारा वर्षे झाली होती. सुनेने वाद न घालता चष्मा चढवला, श्रवणयंत्र कानात बसवले, आणि कुठे आहोत ते हळूहळू सांगितले. सकाळी ऊन खोलीत आले तोवर त्या चहात साखर कमी असल्याची तक्रार करत होत्या.

गोळी आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली फार सावकाश, दर काही आठवड्यांनी जराशी, उतरवली जात आहे. परवा आल्या तेव्हा काकूंची तक्रार वेगळीच होती: दुकानातून आणलेले गोळी कापायचे प्लास्टिकचे यंत्र चुरा पाडते, अडकित्ता बरा होता.